खोक्यावरचा पत्ता

ग्रे मार्केटमधला कॅमेरा नकली नसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या धंद्यात येणारी नवी पोरं नेमकी इथेच फसतात. जपान किंवा थायलंडमधल्या ज्या कारखान्यातून कंपनीचा माल निघतो, तिथूनच हाही निघालेला असतो. काच तीच, सेन्सर तोच, फोटोही तसाच येतो. फरक वाटेत पडतो. कंपनी इथे विकायला जो माल आणते, तो तिच्या भारतातल्या शाखेच्या किंवा नेमलेल्या आयातदाराच्या नावावर येतो. ग्रे पीस दुबई, हाँगकाँग, सिंगापूर अशा एखाद्या बाजारात कुणीतरी स्वस्तात उचललेला असतो आणि त्या नावाला वळसा घालून इथे पोचतो. कधी जकात भरून, कधी प्रवाशाच्या बॅगेतून.

आधीच्या पिढीला याचं काही वाटत नसे, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. आयातीवर कडक परवाने होते. देशात बनणारा, परवडणारा कॅमेरा म्हणजे बडोद्याचा आग्फा क्लिक थ्री. फिल्म उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’. चांगला एसएलआर हवा असेल तर आखातात नातेवाईक असावा लागे, नाहीतर मुंबईला फोर्टच्या गल्ल्या पालथ्या घालाव्या लागत. तिथे बिल कुणी मागत नसे, कुणी देतही नसे. ते चालून जाई, कारण कॅमेरा स्प्रिंगा आणि दातेरी चाकांचा होता. शटर अडकलं तर हाताला समज असलेला कारागीर तो उघडून, पुसून, वंगण देऊन परत करी. कॅमेरा कुठल्या वाटेने आला हे त्याला विचारण्याचं कारणच नव्हतं.

आजची लेन्स तशी उघडत नाही. तिच्यात फोकसची मोटर असते, हाताची थरथर सावरणारा काचांचा संच असतो, सर्किट असतं. एक भाग बदलला की सगळं पुन्हा जुळवायला कंपनीचं सॉफ्टवेअर आणि मोजणीची यंत्रं लागतात, आणि सुटे भाग बाहेरच्या कारागिराच्या हाती सहज लागत नाहीत. त्यामुळे दुरुस्तीची वाट कंपनीच्या दारातूनच जाते. अमेरिकेतली निकॉन तर ग्रे मालाला पैसे देऊनही हात लावत नाही. आपल्याकडे काही ठिकाणी पैसे भरून काम होतं, पण वॉरंटीचा हक्क मात्र मिळत नाही.

आमच्या नगर जिल्ह्यात हा प्रश्न फार लवकर अंगावर येतो. सतरा हजार चौरस किलोमीटरचा हा मुलूख, आणि त्याच्या दोन टोकांना दोन हवा. जुलैमध्ये घाटघर-रतनवाडीला धबधबे टिपायला जावं, तर पाऊस आडवा लागतो आणि घरी आल्यावर काचेमागे बाष्प दिसतं. तसंच ठेवलं तर महिन्याभरात बुरशीचे धागे. उन्हाळ्यात रेहेकुरीला काळवीटांमागे बसावं, तर कर्जतची बारीक माती झूमच्या रिंगमध्ये शिरते. मधल्या काळात लग्नं: हळद, अक्षता, वरातीतला कागदी चुरा, धुराचं मशीन. शहरातल्या हौशी माणसाची लेन्स कपाटात दहा वर्षं टिकेल. आमची सर्व्हिस सेंटरला जाणारच. नगरहून पुणे सुमारे १२० किलोमीटर. अकोल्याच्या किंवा जामखेडच्या पोराचा तर पूर्ण दिवस मोडतो. तिथे पोचल्यावर काउंटरवर पहिल्यांदा दोनच गोष्टी मागतात: बिल आणि सिरीयल नंबर.

गेल्या दिवाळीत माझ्याकडे काम शिकलेला एक तरुण मोबाइल घेऊन स्टुडिओत आला. ७०-२०० लेन्स, भाव नेहमीपेक्षा खूपच खाली. त्याने विचारलं, “भाऊ, ओरिजिनल असंल ना?”

मी म्हटलं, “ओरिजिनल असेल रे. पण बिघडली तर भारतात याला जबाबदार कोण, ते शोध.”

मग आम्ही दोघं बसलो. ज्या साइटवर वस्तू दिसते ती साइट बहुतेक वेळा विकणारी नसतेच. विक्रेता वेगळा, त्याचं नाव खाली बारीक अक्षरात. एकाच लेन्सच्या पानावर चार विक्रेते असतात आणि सगळ्यात स्वस्त भाव वर येतो. ते नाव घेऊन कंपनीच्या भारतातल्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी उघडायची. तो त्यात नव्हता. वॉरंटीच्या रकान्यात ‘सेलर वॉरंटी’ लिहिलेलं. म्हणजे बिघडली तर कंपनी नव्हे, हा गृहस्थ बघणार, आणि तो पुढच्या वर्षी त्याच नावाने दुकान चालवत असेल याची हमी कोण देणार? ‘इंटरनॅशनल वॉरंटी’ हे शब्द दिसले तरी तेवढंच सावध व्हावं. ती इथे चालते की नाही, हे कंपनीलाच फोन करून विचारावं.

त्याने विक्रेत्याला लिहिलं, भारतातला आयातदार कोण ते कळवा. उत्तर आलं, “सर, शंभर टक्के ओरिजिनल, सीलपॅक.” जे विचारलं नव्हतं त्याचं उत्तर. ही माहिती मागणं म्हणजे आगाऊपणा नव्हे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे आयात मालाच्या विक्रेत्याने आयातदाराचा तपशील द्यायचा असतो. २०११ च्या वेष्टनबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे खोक्यावरही आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, मूळ देश आणि तक्रारीसाठीचा फोन छापलेला हवा. ते पांढरं लेबल मी आधी वाचतो, लेन्स नंतर बघतो.

त्या पोराने ती लेन्स घेतली नाही. पुण्याच्या अधिकृत दुकानातून हप्त्यांवर घेतली, आणि पहिला हप्ता जमेपर्यंतची लग्नं जुन्या लेन्सवर काढली. पैसे जास्त गेले, हे खरंच आहे. कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला, तरी लाखाच्या वस्तूवर अठरा हजार म्हणजे गावाकडच्या फोटोग्राफरला एका ऑर्डरचे पैसे. ग्रे पीसच्या स्वस्ताईत पुष्कळदा हीच रक्कम दडलेली असते. पण पक्कं बिल असेल तर जीएसटीत नोंदणी असलेल्याला ती वजावटीत परत मिळते. चोरी झाली तर पोलिसांत आणि विमा कंपनीत तेच बिल चालतं. विकायला काढली तरी ‘बिल-बॉक्ससह’ असलेल्या लेन्सला वेगळा भाव येतो. बिलावरचा जीएसटी क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की कुणाच्या नावाचा ते फुकट कळतं. दोन मिनिटांचं काम आहे.

ग्रे माल विकणारा प्रत्येक जण गुन्हेगार आहे, असं मी म्हणणार नाही. सॅमसंगच्या प्रिंटरवरून झालेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑक्टोबर २०१२ मध्ये असा माल आणून विकायला मोकळीक दिली. मात्र माल आयात केलेला आहे आणि त्याला कंपनीची वॉरंटी नाही, हे दुकानात ठळकपणे लावायला सांगितलं. मला हा निकाल पटतो. कुणाला सगळं कळून स्वस्त पीस घ्यायचा असेल तर घ्यावा. मला चीड येते ती लपवण्याची. खोक्यातून परदेशी कार्ड काढून घेतात, तिथे छापील ‘एक वर्ष गॅरंटी’चा चिटोरा ठेवतात, आणि ज्याने आईचे दागिने गहाण ठेवून पहिली बॉडी घेतली त्याला ते दोन महिन्यांनी काउंटरवर कळतं.

पार्सल आलं की उघडताना सलग व्हिडिओ काढावा. सिरीयल नंबर तीन ठिकाणी जुळवावा: खोकं, बॉडी आणि बिल. चार्जरची पिन आपल्या भिंतीत बसते का बघावं. सोनीची फक्त जपानसाठी असलेली बॉडी मेनूत जपानीखेरीज भाषाच दाखवत नाही. नवी म्हणून आलेल्या बॉडीवर पहिला फोटो काढून शटर काउंट तपासावा. मग त्याच दिवशी कंपनीच्या भारतीय साइटवर नोंदणी करावी, परत पाठवण्याची मुदत संपायच्या आत. नंबर स्वीकारला गेला नाही, तर तेव्हाच कळेल. विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी नगरला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही.

ज्यांच्याकडे आधीच ग्रे बॉडी आहे, त्यांना मी ती टाकून द्या म्हणत नाही. वापरा, कोरड्या डब्यात सिलिका जेल घालून जपा, मुख्य लग्नाला जाताना दुसरी बॉडी बरोबर ठेवा. आणि विकायला काढाल तेव्हा, घेणारा ओळखीतला असो की परका, त्याने विचारण्याआधी सांगा की ही दुबईहून आलेली आहे आणि हिचं बिल नाही.