त्र्यंबकेश्वरला जातो सांगून

लग्नाला दहा वर्षं गेल्या मे महिन्यात झाली. तेव्हा माझ्या प्रोजेक्टचं रिलीज चालू होतं, त्यामुळे लग्नाचा वाढदिवस कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या पनीरवर भागवला आणि 'नंतर मोठं काहीतरी करू' असं बोलून गेलो. असलं बोललेलं बायका विसरत नाहीत. दिवाळी झाली आणि हिने विचारलं, "नंतर म्हणजे कधी?"

मग मी एका रात्री बसून नाशिकला सुला विनयार्ड्सच्या आवारातलं 'द सोर्स' नावाचं हॉटेल बुक केलं. दोन रात्री, जानेवारीचा शेवट, मधले वार. भाडं बघून छातीत थोडं धस्स झालं, कारण माझ्या बी.ई.च्या एका सेमिस्टरच्या फीपेक्षा ते जास्त होतं. पण हिचं माहेर सोलापूरजवळ नान्नजच्या बाजूला, वडील द्राक्षबागायतदार. म्हटलं द्राक्षवाल्याची लेक आहे, बागेतच मुक्काम म्हटल्यावर खूश होईल. माझा हा हिशोब कुठे चुकला ते पुढे सांगतो.

अडचण घरच्यांची होती. येळवसेला आम्ही दरवर्षी पुण्याहून कमठाण्याला जातो. आपल्या बिदर-कलबुर्गीकडच्या मंडळींना येळवस काय ते सांगायला नको. पण पुण्या-मुंबईत वाढलेल्या पुतण्या-भाच्यांसाठी सांगतो. मार्गशीर्ष संपताना येणाऱ्या अमावस्येला सगळं गाव रानात जातं, कडब्याची कोप करून पूजा होते, आणि भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी आणि आदल्या रात्री माठात आंबवलेली आंबील असं जेवण शेतातच होतं. तर आंबिलीचे दोन तांबे पोटात गेल्यावर आण्णांनी सहज विचारलं, "मग, पुढच्या महिन्यात रजा काढलीस म्हणं? कुठं चाललाव?"

आण्णा माळकरी. पंढरीची वारी चुकवत नाहीत. त्यांच्यासमोर 'वाइनच्या कारखान्यात राहायला चाललोय' हे वाक्य माझ्या तोंडून फुटेना. मी म्हणालो, "त्र्यंबकेश्वरला जातो म्हणतोय."

"बरं केलंस," म्हणाले, आणि बंडीच्या आतल्या खिशातून पाचशेची एक नोट आणि एक रुपया काढून माझ्या हातात ठेवला. "अभिषेक कर माझ्या नावानं."

हिने माझ्याकडे असं बघितलं की उंडा घशात अडकला.

पुण्याहून नाशिक दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. वाटेत नारायणगाव लागतं. महाराष्ट्रातल्या वाइनची गोष्ट खरं तर इथून सुरू होते, कारण १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी इथे फ्रेंच तंत्राने फसफसती वाइन केली होती आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशात गेली होती. आम्ही मात्र नारायणगावात मिसळ खाल्ली आणि पुढे निघालो. संगमनेर, सिन्नर, आणि मग नाशिक.

'बुटीक हॉटेल' म्हणजे नक्की काय हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आता सांगू शकतो: खोल्या थोड्या, लक्ष जास्त, बिलही जास्त. इटलीतल्या जुन्या वाड्यासारखी दिसणारी इमारत, जाड भिंती, कौलं, आणि पडदा सरकवला की समोर द्राक्षांच्या रांगा. सामान उचलायला मुलगा आला तेव्हा मी सवयीने बॅग स्वतःच धरून ठेवली, आणि आमची थोडी ओढाताण झाली. गादी इतकी मऊ की मला पहिल्या रात्री झोप लागली नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, कमठाण्यात घोंगडीवर झोपलेल्या पाठीचा तो दोष.

संध्याकाळी टेस्टिंग रूमच्या गच्चीवर गेलो. खाली बाग, पलीकडे गंगापूर धरणाचं पाणी, त्यामागे डोंगर. हे धरण गोदावरीवर आहे, नदी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून निघते आणि पहिल्यांदा मोठी अडते ती इथे. आपल्या बिदर जिल्ह्यातून वाहणारी मांजरा पुढे तेलंगणात कंदकुर्तीला याच गोदावरीला मिळते. मी हे उत्साहाने हिला सांगितलं. ती 'हं' म्हणाली. तिची नजर पाण्याकडे नव्हती, बागेकडे होती, आणि ती दुपारपासून फारशी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायनरी बघायला गेलो. सुलाची गोष्ट आमच्या धंद्यातल्या लोकांना आवडेल अशी आहे. राजीव सामंत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकले, कॅलिफोर्नियात ओरॅकलमध्ये नोकरी केली आणि ती सोडून वडिलांच्या नाशिकच्या जमिनीवर आले. आंबे, गुलाब असे प्रयोग करून झाले, मग १९९७ मध्ये वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आली. नाव ठेवलं आईच्या नावावरून, सुलभा. माझ्या डोळ्यांपुढे लगेच राजीनाम्याचा मेल तरळला. ही हळूच म्हणाली, "जमीन होती ना त्यांच्याकडे. आणि आपल्याकडे आहे ती तुरीची."

माहिती सांगणारा मुलगा चांगला तयार होता. वाइनचं द्राक्ष खायच्या द्राक्षापेक्षा वेगळं: मणी बारीक, साल जाड, आत बी. चव आणि रंग सालीत असतो, म्हणून मणी लहान असला तर बरा, कारण रसाच्या मानाने साल जास्त मिळते. काळ्या द्राक्षाचाही रस पांढराच निघतो. रस सालीसकट आंबवला तर लाल वाइन, साल आधी काढली तर पांढरी. स्टीलच्या उंच टाक्यांमध्ये पांढऱ्या वाइनचा रस थंड ठेवून सावकाश आंबवतात. लाल वाइन ओकच्या लाकडाच्या पिंपांत मुरवतात. एका बाटलीला साधारण किलोभर द्राक्ष लागतं.

तो सांगत होता आणि ही एकेक प्रश्न विचारत होती. खुंट कोणता, डॉगरिज का? ऑक्टोबर छाटणी कधी धरली? केवड्याला फवारणी किती होतात? तो मुलगा आधी हसून उत्तरं देत होता, मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही याच लाइनमधल्या आहात का?"

"होते," ती म्हणाली.

मग टेस्टिंग. पेला देठाला धरायचा, हलवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा. शेनिन ब्लाँ गोडसर, ती मला कळली. सॉव्हिन्यॉन ब्लाँमध्ये म्हणे हिरव्या मिरचीचा वास येतो. मला आला नाही, हिला आला. शिराझ तुरट. बाजूच्या टेबलावरचे काका प्रत्येक घोटाला 'वा' म्हणत होते, गाणं ऐकत असल्यासारखे. तिथल्या काचेच्या पेल्यांकडे बघताना मला आमच्या घरच्या शोकेसमधली बिदरीची सुरई आठवली, लग्नात कुणीतरी दिलेली. आमच्या बिदरात शतकानुशतकं काळ्या धातूवर चांदीची नक्षी करून सुरया घडवतात, पण त्या सुरईत पूर्वी काय ओतत होते हा विषय आपल्या घरांत कधी निघत नाही. दख्खनमध्ये द्राक्ष काही काल आलेलं नाही. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादेत आला होता, तिथल्या द्राक्षांबद्दल त्याने लिहून ठेवलंय की वर्षातून दोनदा येतात.

त्या रात्री जेवणानंतर हिने सांगितलं. मला घटना माहीत होती. ती तिच्या आत कुठे ठेवलीय हे माहीत नव्हतं.

आमचं लग्न मुळात २०१४ च्या मे महिन्यात ठरलं होतं. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जागोजागी गारपीट झाली. मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, दोन एकर सोनाका काढणीला आलेली. सोनाका म्हणजे नान्नजच्याच नानासाहेब काळ्यांनी शोधलेली जात, लांब मण्याची. व्यापारी येऊन भाव ठरवून गेला होता, माल चार दिवसांनी उचलायचा होता. गारा वीस मिनिटं पडल्या. आम्हाला फोन आला की लग्न वर्षभर पुढे ढकलू. आमच्या घरी सगळे 'हरकत नाही' म्हणाले आणि मीसुद्धा म्हणालो. तेव्हा मी हैदराबादला नवा नोकरीला लागलो होतो, मला ते एक तारीख बदलण्यासारखं वाटलं.

"तू कधी विचारलं नाहीस," ती म्हणाली, "त्या रात्री बागेत काय झालं ते."

त्या रात्री मामा बॅटरी घेऊन बागेत गेले आणि ही त्यांच्या मागे गेली. मणी फुटून खाली रसाचा चिखल झाला होता, पाय चिकटत होते. दोन दिवसांत त्या चिखलाला वास सुटला, आंबूस. टाक्यांच्या खोलीत शिरल्यावर सकाळी तिला तोच वास आला होता. मामांनी पुढच्या वर्षी कर्ज काढून लग्न लावलं आणि त्यानंतर बाग काढून टाकली. आता तिथे सीताफळ आहे. ही त्यानंतर कुठल्याही द्राक्षबागेत गेली नव्हती. आणि मी तिला दहा वर्षांची भेट म्हणून थेट बागेतच झोपायला आणलं होतं.

मी विचारलं, "उद्या सकाळीच निघू या का?"

"आता पैसे भरलेत," ती म्हणाली. मग दिवा बंद केला.

पहाटे जाग आली तर शेजारी कोणी नाही. खिडकीतून बघितलं, धुकं होतं आणि बागेत दिव्यांची हालचाल. स्वेटर घालून खाली धावलो. तोडणी चालू होती. ऊन चढायच्या आत द्राक्ष थंड असतानाच तोडतात, म्हणून काम अंधारात सुरू होतं. बायका कात्रीने घड कापून क्रेटमध्ये ठेवत होत्या आणि बांधावर शाल गुंडाळून ही एका बाईशी बोलत उभी. बाई सुरगाण्याकडच्या. तोडणीपुरत्या येतात, मग परत जातात. हिने त्यांना विचारून एक मणी तोंडात टाकला, बी थुंकली, आणि मला बघून म्हणाली, "केवढासा मणी आहे बघ. आमच्याकडे हा आला असता तर व्यापाऱ्याने हाकलून दिलं असतं." सोनाका लांब व्हावा म्हणून मामा घड जीएच्या पाण्यात बुडवायचे, विरळणीला घरची सगळी माणसं लागायची, हिच्या परीक्षेच्या दिवसांतही. इथे मणी बारीक राहिलेलाच चांगला.

मग तिने मामांना व्हिडिओ कॉल लावला. सकाळचे साडेसहा. मामा ब्रश तोंडात धरून स्क्रीनवर आले. कुठे आहेस, कोणाची बाग, कसला नंबर, असे प्रश्न झाले. आणि मग म्हणाले, "पान उलटं कर. खालची बाजू दाखीव."

केवडा आधी पानाच्या खालच्या बाजूला दिसतो. हिने पान उलटं करून कॅमेरा जवळ नेला. मामांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. "स्वच्छ हाय," म्हणाले. "आता घड दाखीव." घड दाखवला. "भाव?" करारावर पिकवणाऱ्यांना भाव आधीच ठरलेला असतो आणि साखर उतरली की माल उचलतात, असं आदल्या दिवशी कळलं होतं, ते तिने सांगितलं. मामा म्हणाले, "आन गारा पडल्यावर?" हिने शेजारच्या बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "गारा सगळ्यांवर पडत्यात." मामांना ते ऐकू गेलं असावं. ते एकदम हसले, ब्रश तोंडातच, आणि त्यांना ठसका लागला. मी त्यांना द्राक्षाच्या विषयावर हसताना पहिल्यांदा बघितलं.

वीस-पंचवीस मिनिटं त्यांनी लेकीला सगळी बाग फिरवायला लावली. मी मागे क्रेट चुकवत चालत होतो.

परत जायच्या आधी त्र्यंबकेश्वरला गेलो. तिथून तासाभराच्या आत पोचता येतं. रांग मोठी होती, अभिषेक आण्णांच्या नावाने केला, पाचशे एकची पावती नीट पाकिटात ठेवली. कुशावर्तात पाय बुडवले. (जाणाऱ्यांसाठी: शनिवार-रविवार टाळा, वाइनसाठी पण आणि देवासाठी पण. २६ आणि ३० जानेवारीला ड्राय डे असतो हे बुकिंग करण्याआधी बघा. आणि टेस्टिंगनंतर गाडी चालवायची नाही. आवारातच राहायचा खरा फायदा तो.)

मंदिराबाहेर येऊन कमठाण्याला फोन लावला. दहा वर्षांचा नवरा, दोन टीमचा लीड, आणि हात घामेजले होते. म्हटलं, "आण्णा, अभिषेक झाला. पावती आहे. पण एक सांगायचं होतं, आम्ही राहिलो ते दुसरीकडे..."

"व्हय, कळलं," आण्णा म्हणाले. "सकाळीच याहींचा फोन आलता. पान लई स्वच्छ हाय म्हणत होते. अर्धा तास बोलले. त्यो माणूस इतका कधी बोलतोय?"

मी गप्प.

"पिलाव का?"

"थोडी."

पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग माय मागून काहीतरी विचारत असल्याचं ऐकू आलं आणि आण्णा फोन जरा बाजूला धरून तिला म्हणाले, "काय नाही, नाशकात आंबील पिलेत."