हलव्याचा काटा

प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा पिंड नाही. ज्या पॅरिसविषयी आजवर इतक्यांनी लिहिले आहे, त्याविषयी तर आम्ही लेखणी उचललीच नसती. पण तेथील एका लहानशा मिठाईच्या दुकानात आमच्या विद्वत्तेची जी फजिती झाली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

दिवस १४ जानेवारी २०२५ चा, म्हणजे संक्रांतीचा. आमच्या आईला जाऊन वर्ष पुरे झाले नव्हते, त्यामुळे घरी सण नव्हताच. शिक्षणासाठी तेथे राहिलेल्या आमच्या कन्येकडे आम्ही आठ दिवस गेलो होतो. सेन नदीच्या डाव्या तीरावरील एका अरुंद गल्लीतून जाताना ती म्हणाली, "बाबा, सण नसला म्हणून काय झालं? आज काहीतरी गोड तोंडात घालूच या." आणि तिने आम्हांस त्या दुकानात नेले.

दुकान आमच्या माजघराहून मोठे नसेल. भिंतीला लाकडी फळ्या, फळ्यांवर काचेच्या बरण्या, आणि मध्ये पितळी तराजू घेऊन बसलेली सत्तरीची एक बाई. आत शिरताच प्रथम तिला 'बाँझूर, मादाम' म्हणावयाचे आणि मग मालाकडे पाहावयाचे, ही तेथील रीत. ती न पाळणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार कसे पाहतात, हे आम्ही आदल्याच दिवशी अनुभविले होते. या खेपेस आम्ही नमस्कार मोठ्याने केला. बाई प्रसन्न झाली आणि चिमट्याने एकेक जिन्नस कागदावर ठेवून आम्हांस चाखावयास देऊ लागली.

पहिला आला एक्स गावचा कालिसों. बदाम आणि साखरेत मुरविलेले खरबूज एकत्र वाटून केलेली ही होडीच्या आकाराची वडी. वर साखरेचा पांढरा लेप, खाली कागदासारखी पातळ पापडी. चांगली होती, परंतु वेलदोड्यावाचून बदामाची वडी आम्हांस अपुरीच वाटते. नंतर कांब्रे गावची पुदिन्याची गोळी. तिचे नाव 'बेतीज', म्हणजे मूर्खपणा! कोणा शिकाऊ कारागिराच्या हातून पाक बिघडला, त्यातून ही जन्मली, अशी आख्यायिका आहे. आमच्या वर्गात रोज घडणाऱ्या मूर्खपणातून असे मधुर काही निघाल्याचे स्मरत नाही. मोंतार्जीची साखरेत खरपूस परतलेल्या बदामाची प्रालीन मात्र आम्ही निःसंकोचपणे दोनदा मागून घेतली.

मग बाईने एक पत्र्याची चपटी डबी उघडली. आत वाटाण्याएवढे शुभ्र गोल दाणे होते. बर्गंडीतील फ्लाविन्यी गावी एका जुन्या मठाच्या वास्तूत ते तयार होतात. आत बडीशेपेच्या जातीचे एकच बी. त्यावर साखरेच्या पाकाचे पुटावर पूट. दोन मिलिग्रॅमच्या बीचा एक ग्रॅमचा दाणा होण्यास पंधरा दिवस लागतात. त्याच्याच शेजारी 'ड्राझे', म्हणजे याच रीतीने शर्करेत मढविलेले बदाम. व्हर्दून गावी १२२० साली एका औषधविक्याने ते प्रथम केले असे सांगतात. १९१६ च्या घनघोर रणसंग्रामामुळेच हे गाव आम्हांस ठाऊक होते. फ्रान्सात मुलाचा बाप्तिस्मा झाला की हे ड्राझे वाटतात.

कन्येने एक दाणा तोंडात टाकला आणि ती एकदम म्हणाली, "बाबा, अहो हा तर हलवा! फक्त याला काटा नाही."

आम्ही स्तब्ध झालो. 'मेरी वाइव्हज ऑफ विंडसर' या नाटकात फॉलस्टाफ आकाशातून 'कॉम्फिट'चा वर्षाव व्हावा असे म्हणतो. ते नाटक आम्ही अनेक वर्षे शिकविले आणि दर वर्षी सांगितले, की कॉम्फिट ही त्या काळची एक विलायती मिठाई, आपल्याकडे तिचा पर्याय नाही. सर ह्यू प्लॅट याने १६०२ च्या आपल्या पुस्तकात ती करण्याची कृती दिली आहे. बियांवर पाकाची पुटे कशी चढवावी, गुळगुळीत दाणा कसा करावा, खडबडीत कसा करावा, हे सारे त्यात आहे. ती कृतीही आम्ही वाचली होती. आणि ज्या घरात बसून वाचली, त्याच घरात पौष महिन्याच्या पहाटे आमची आई शेगडीवर परात ठेवून तिळांवर चमचा चमचा पाक घालीत बोटांनी दाणे फिरवीत असे. एक पूट सुकले की दुसरे. हे तीन-चार दिवस चाले. बोटांची टोके लाल होत. कडक थंडी पडली तरच काटा चांगला येतो, म्हणून ती खिडकी उघडी ठेवी, आणि गार वाऱ्याने आमच्या वाचनात व्यत्यय येतो म्हणून आम्ही ती बंद करीत असू.

कन्येच्या बोरनहाणास, २००३ साली, आम्ही बाजारातून हलव्याचे तयार दागिने आणि किलोभर हलवा आणला. आईने केलेला हलवा परातीत तयार होता. "आता कशाला हे हात भाजून घेणे?" असे आम्ही म्हणालो. त्यात तिच्याविषयी काळजी होती, असे आम्ही पुढे पुष्कळ वर्षे मानीत आलो. खरे म्हणजे येणाऱ्या प्राध्यापक मित्रांना तो ओबडधोबड, पिवळसर हलवा दिसू नये, ही इच्छा होती. आई काही बोलली नाही. तिने परात आत नेली. मुलीच्या डोक्यावर बाजारचा हलवा बरसला.

दुकानातील बाईला कन्येने हे काट्याचे प्रकरण समजावून सांगितले, तेव्हा ती खुर्चीवरून उठलीच. पूर्वी तांब्याची कढई साखळ्यांनी विस्तवावर टांगून हातांनी झुलवीत. दाट पाकाची धार उंचावरून बारीक सोडली की त्यांच्याकडेही दाणा खडबडीत होई, आणि त्याला ते मोत्यांचे नाव देत. पुढे यंत्राने फिरणारी भांडी आली. "पण तुमच्याकडे घरोघरी बायका करतात? पाक किती दाट ठेवतात? विस्तव किती?" तिने आम्हांस विचारले, कन्येने भाषांतर केले.

आम्हांस यातले एकही उत्तर ठाऊक नव्हते. कन्येला थोडेसे ठाऊक होते. "आजी एकतारी म्हणायची," ती आम्हांस म्हणाली, आणि तेवढेच तिने बाईला सांगितले.

पावशेर ड्राझे आणि फ्लाविन्यीची एक डबी घेऊन आम्ही बाहेर पडलो. पुलापर्यंत दोघेही बोललो नाही. मग ती म्हणाली, "पुढच्या संक्रांतीला मी घरी असेन. करून बघू या. बाबा, आजीची ती परात माळ्यावरच आहे ना?"

नव्या घरात जाताना ती आम्ही मोडीत दिली होती. आम्ही तिच्या हातातील डबी घेतली आणि ती उघडण्यात उगाच बराच वेळ घालविला.