आजोबांची जुनी पेटी उघडा!

परवा तासाला ‘सावकारी पाश’चा विषय निघाला. बाबुराव पेंटरांचा १९२५ चा मूकपट. कर्जापायी जमीन गेलेला शेतकरी शहरात मजूर होतो. शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. अकोला-अमरावतीच्या पोरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मागून एकानं विचारलं, “सर, हा पिच्चर पाहाले कुठी भेटन?”

कुठेच नाही. त्याची प्रत उरली नाही. तेव्हाची नायट्रेटची फिल्म चटकन पेटायची, नाहीतर डब्यातच कुजायची. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं ते १९६४ साली.

पण आशा सोडू नका. जपानच्या किनुगासांचा १९२६ चा एक मूकपट हरवला असंच सगळे समजत होते. १९७१ मध्ये तो त्यांच्याच कोठारात सापडला! आज रसिक तो घरबसल्या पाहतात.

म्हणून मुलांना एक गृहपाठ देऊ या. आजोबांची पेटी भंगारात देण्याआधी मोठ्यांसोबत उघडून पाहा. फिल्मचा डबा निघालाच, तर विस्तवापासून दूर ठेवा आणि पुण्याला कळवा. त्या पोराला ‘कुठेच नाही’ हे उत्तर मला पुन्हा द्यायचं नाही.