साठी आणि बुद्धी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी माणसाच्या ओठांवर सहज येते. घरातील वृद्ध काही विसरले, की मंडळी ही म्हण उच्चारून हसतात आणि आपापल्या कामाला लागतात. परंतु या हसण्याआड पुष्कळदा एक गंभीर आजार दडून राहतो. अल्झायमर हे त्याचे नाव.

तिवसा तालुक्यातील एखादे वृद्ध शेतकरी डोळ्यांपुढे आणावे. ज्या वाटेने ते जन्मभर वावरात गेले, त्याच वाटेवर एके सायंकाळी ते थबकतात. घर कोणत्या बाजूला, हे त्यांना उमगत नाही. घरी पोचल्यावर ते जेवतात आणि घटकाभराने पुन्हा ताट मागतात. “मामाजी, आत्ताच तं जेवले तुम्ही!” असे सून म्हणते, तेव्हा ते संतापतात. तिला त्यांचा हट्ट दिसतो, त्यांना तिची निष्ठुरता. वस्तुतः दोष दोघांचाही नसतो. जेवल्याची आठवण त्यांच्या मनावर उमटलेलीच नसते.

असे का व्हावे, याचा शोध जर्मनीत लागू लागला. १९०१ साली फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नावही पुरते लिहिता येईना. १९०६ साली ती निवर्तल्यावर डॉ. अलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते त्यांना आढळले. अमिलॉइड आणि टाऊ या प्रथिनांचे ते साठे होत. या आजारात मेंदूच्या पेशी हळूहळू मरतात. नव्या आठवणी घडविणारा भाग बहुधा आधी दुबळा होतो. म्हणून सकाळचे जेवण विसरते, पण बालपणीचे भजन स्मरते.

वाढते वय आणि आनुवंशिकता यांवर माणसाचा इलाज नाही. मात्र उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, व्यायामाचा अभाव आणि दुर्लक्षित बहिरेपण यांनीही हा धोका वाढतो. त्यांना आवर घालता येतो. शिवाय प्रत्येक विस्मरण म्हणजे अल्झायमर नव्हे. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार किंवा खिन्नता यांमुळेही स्मृती मंदावते आणि योग्य उपचारांनी ती पुष्कळदा सुधारते. म्हण उच्चारून घरी बसणारे ही संधी गमावतात.

अल्झायमर समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. डोनेपेझिलसारख्या औषधांनी काही काळ लक्षणे सौम्य होतात. २०२३ साली अमेरिकेत संमत झालेले लेकॅनेमॅब आरंभीच्या अवस्थेत आजाराची गती थोडी मंदावते. परंतु त्याने मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून औषधाइतकेच महत्त्व घरच्या वागणुकीला आहे. दिनक्रम ठरलेला असावा, वस्तू नेहमीच्या जागी असाव्यात, खिशात नाव व पत्त्याची चिठ्ठी असावी. ‘ओळखा पाहू मी कोण?’ अशी परीक्षा घेऊ नये. आपले नाव आपणच सांगावे.

तिवसा तालुक्यातच मोझरी येथे तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे. या परिसरातील कित्येक वृद्ध खंजिरीवरची भजने ऐकतच वाढले. नातवाचे नाव विसरलेले आजोबाही अशा भजनात कधी कधी सूर मिळवतात. अशा वेळी नातवाने शेजारी बसून टाळी धरावी. आजोबांना त्याचे नाव आठवत नसेल. त्याला तर त्यांचे आठवते.