घाईचा फटका

पन्नाशी उलटल्यावर आम्ही स्नूकर खेळूं लागलों, तेव्हां घरांतील मंडळींनीं त्यास ‘म्हातारचळ’ असें नांव दिलें. १९५८ सालीं हौशी बिलिअर्ड्सचें जगज्जेतेपद मिळविणारे विल्सन जोन्स ज्या पुण्यांत जन्मले, त्याच पुण्यांत आमच्यासारखा नेमहीन खेळाडूही निपजावा, हा दैवाचा विनोदच!

गेल्या पावसाळ्यांत आम्ही व आमचा पुतण्या शेवटच्या काळ्या चेंडूवर आलों. काळा खिशाच्या तोंडाशीं, पांढरा त्यापासून हातभर अंतरावर. सात गुण आणि डाव आमचा! आम्हीं वांकतां वांकतांच काठी मारली आणि मान वर करून पाहिलें. काळा खिशाच्या कडेवर थबकला. पुतण्यानें तो शांतपणें आंत घातला व म्हणाला, “काका, हात तुमचा चांगला आहे; पण फटका पुरा होण्याआधींच तुम्ही निकाल पाहायला उठतां.”

हा बोल आम्हांस लागला, कारण तो टेबलापुरताच नव्हता. दोन वर्षांपूर्वीं त्यानें नोकरी सोडून संशोधनाकडे वळण्याचा विचार आम्हांस बोलून दाखविला, तेव्हां त्याचें वाक्य संपण्याआधींच आम्हीं ‘नाहीं’ म्हटलें होतें. तेव्हांपासून खेळाखेरीज तो आमच्याशीं फारसें बोलत नसे.

आम्ही त्याचेच शिष्य झालों. त्याची रीत अशी: विचार सारा उभ्यानें करावयाचा. कोणता खिसा, किती जोर, फटक्यानंतर पांढरा कोठें यावयाचा, हें चेंडूमागें उभें राहून ठरवावें आणि त्याच रेषेवर पाऊल टाकून वांकावें. हनुवटी काठीशीं आली कीं विचार बंद. शंका आलीच, तर सरळ उठून पहिल्यापासून आरंभ करावा. काठी तीन-चार वेळां मागेंपुढें हलवून पांढऱ्याशीं क्षणभर थांबवावी, सावकाश मागें घ्यावी, नजर लक्ष्यावर खिळवावी आणि मगच फटका मारावा. चेंडू खिशांत पडेपर्यंत डोकें हलवूं नये. वाचकांस हें सोपें वाटेल. आम्हांसही वाटलें होतें.

नजर खिळविण्याच्या या क्षणास शास्त्राचाही आधार आहे. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत विल्यम्स प्रभृति संशोधकांनीं बिलिअर्ड्स खेळणाऱ्यांची नजर मोजली. फटक्यापूर्वींची शेवटची नजर कसलेल्या खेळाडूंची अधिक वेळ स्थिर राहते, आणि फटका अवघड असला म्हणजे ती आणखी लांबते, असें त्यांस आढळलें. आम्ही मात्र अवघड प्रसंगींच अधिक घाई करीत आलों!

आतां प्रत्येक चुकलेला फटका आम्ही वहींत टिपतों. नेम चुकल्याच्या नोंदी थोड्या, डोकें हलल्याच्या फार.

गेल्या रविवारीं खेळानंतर चहा घेतांना पुतण्यानें तो जुना विषय पुन्हां काढला. ‘पण पगार’ हे शब्द आमच्या ओठांशीं आले होते. आम्हीं पेला खालीं ठेविला, आणि त्याचें बोलणें पुरें होईपर्यंत मान हलविली नाहीं.