जयगडावरची जोती

"सगळं दाखवलंस रे बाबा, पण ह्यांची चूल कुठं होती?"

आत्याच्या ह्या प्रश्नापाशी चुलतभावाची गाडी जी अडली ती अडलीच. तोवर तो चांगला रंगात आला होता. जंग्या तिरप्या का काढल्या, खंदक कशासाठी, खाडीच्या कडेला पडकोट आणि वर बालेकिल्ला अशी जोडी का ठेवली, हे सगळं पोरांना हाताला धरून सांगत होता. चुलीपाशी त्याचं पाठांतर संपलं. "मोबाइलवर बघतो," म्हणाला. मोबाइललाही ठाऊक नव्हतं. किल्ल्यांवर मराठीत फडताळं भरतील इतकं लिहिलं गेलंय. बुरूज मोजलेले असतात, दरवाजाचं तोंड कुठल्या दिशेला ते असतं, तोफा किती तेही असतं. त्या तोफा डागणारी माणसं दुपारी काय जेवत होती आणि ते कोण रांधत होतं, याबद्दल एक ओळ सापडायची मारामार.

मालगुंडहून जयगड वीसेक किलोमीटर. गणपतीपुळ्याला आलेला पाहुणा देवदर्शन, समुद्र आणि जेवण झालं की उरलेल्या वेळात तिकडे वळतो. आम्ही इथलेच, त्यामुळे घरी मुंबईकर आल्याशिवाय आमचे पाय काही तिकडे वळत नाहीत. दिवाळीत भाऊ, वहिनी, पोरं आली आणि डबे भरून सगळे निघालो. आत्या येणार नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. ती सगळ्यांच्या आधी चपला घालून खळ्यात उभी. वाटद-खंडाळ्याला वडापाव झाला, मग वीजकेंद्राच्या गाड्यांच्या मागून सावकाश. जयगडच्या त्या औष्णिक केंद्रात 300 मेगावॉटचे चार संच आहेत. त्याची धुरांडी किल्ल्याच्या बरीच आधी दिसायला लागतात, आणि धाकट्या पुतण्याला तोच किल्ला वाटला. तसं त्याचं फारसं चुकलंही नाही. खाडीच्या तोंडावर बसून ये-जा करणाऱ्या जहाजांवर नजर ठेवायची, हे काम आता बंदराकडे गेलंय.

शास्त्री नदी इथं समुद्राला मिळते. पलीकडच्या काठावर तवसाळ, तिथं विजयगडाचे अवशेष. अलीकडे जयगड, विजापूरकरांनी बांधलेला. पुढे तो संगमेश्वरच्या नाइकाच्या हाती गेला, आणि हा नाईक इतका डोईजड झाला की 1583 आणि 1585 साली विजापूरकर आणि पोर्तुगीज अशा दोघांना मिळून त्याच्यावर चालून जावं लागलं. 1713 च्या तहात जे किल्ले कान्होजी आंग्र्यांकडे राहिले त्यांत हाही होता. 1818 च्या जूनमध्ये तो इंग्रजांना मिळाला. एवढा सगळा इतिहास भावानं दरवाजातून आत जाईपर्यंत संपवला, आणि खरं सांगायचं तर मला तो तेवढाच पुरतो.

मला किल्ले पडकेच आवडतात. राजस्थानातले झाडूनपुसून तिकिटं लावलेले महाल पाहताना आपण कुणाच्या तरी दिवाणखान्यात ताटकळत बसलोय असं वाटत राहतं. जांभ्याचा किल्ला पडका असला की त्याचा रंग खुलतो. पाऊस नुकताच सरलेला असतो, तटावर शेवाळ सुकून तपकिरी झालेलं असतं, चिऱ्याच्या भोकाभोकांतून नेचे डोकावत असतात. त्यात कुणी सिमेंटनं दर्जा भरल्या असल्या की मात्र डोळ्यांत खुपतं. चुन्याचं काम चुन्यानंच करावं, त्याला वेळ लागला तरी चालेल.

आत बालेकिल्ल्यात एका मोठ्या इमारतीच्या भिंती उभ्या आहेत. गावात त्याला आंग्र्यांचा वाडा म्हणतात. त्याखेरीज गणपतीचं देऊळ, विहिरी आणि गवतातून वर आलेली जोती. नुसती जोती. पोरं त्यावरून उड्या मारत होती. भावाच्या लेखी ते काहीच नव्हतं, त्याला बुरुजावर जायचं होतं. आत्या मात्र त्या जोत्यांपाशी थांबली. तिला ती वाचता येत होती, कारण आमच्या वाडीत तसली जोती आहेत.

आगरापलीकडे एक घर होतं. ओटी, पडवी, माजघर, वर माळा, मागे न्हाणी. शेवटची म्हातारी गेल्यावर मुलांनी कुलूप लावलं आणि गणपतीला येत राहू म्हणाले. दोन-तीन वर्षं आलेही. कोकणातलं घर कसं पडतं हे ज्यानं पाहिलं नाही त्याला वाटतं, ते एका वादळात कोसळत असेल. तसं होत नाही. वानरं छपरावर उड्या मारतात आणि एक कौल जागचं सरकतं. घरात माणूस असेल तर पहिल्या सरीला अंथरुणावर टिपकं पडतं, माणूस शिव्या देत उठतो, खालून बांबूनं कौल ढकलतो, काम संपलं. माणूस नसेल तर तेच टिपकं चार महिने एकाच वाशावर पडत राहतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, त्यातला आपला वाटा तो वासा निमूट पीत राहतो. दुसऱ्या वर्षी वासा काळा पडतो आणि वाळवीला सुगावा लागतो. मग रीप सुटते, कौलं ओळीनं घसरायला लागतात आणि माजघरात आभाळ दिसतं. भिंत चिऱ्याची असली तरी सांधे मातीचे. माती वाहून गेली की चिरा नुसता चिऱ्यावर टेकून उभा राहतो. मधे कुठंतरी पाखराच्या विष्ठेतून पिंपळ रुजतो, आणि त्याला घाई नसते.

त्या घराची कौलं मंगळुरी होती. बासेल मिशननं 1865 साली मंगळूरला कारखाना काढला आणि तिथून पुढे अख्ख्या किनाऱ्यावर ही चपटी कौलं चढली. पडलेल्या कौलांच्या ढिगात उलटं करून पाहिलं की कारखान्याचा शिक्का अजून ताजा दिसतो. तो शिक्का टिकला, ते घर टिकलं नाही. कारण साधं आहे: सातबाऱ्यावर नावं वाढत गेली, आणि प्रत्येक नावाला वाटत राहिलं की कौलं दुसरं कुणीतरी चाळून घेईल. विजापूरकर, नाईक, आंग्रे, इंग्रज. जयगडाच्या सातबाऱ्यावरही नावांची कमतरता नव्हती.

मालगुंडात वर्षानुवर्षं निगुतीनं राखलेलं एक जुनं कौलारू घर आहे. तिथं कुणी राहत नाही. ते केशवसुतांचं. 1866 साली ते इथं जन्मले आणि 1905 साली हुबळीला प्लेगनं गेले. कोकण मराठी साहित्य परिषदेनं त्यांचं स्मारक उभारलं आणि घर वाचलं. चांगलंच झालं. पण तिथून परत येताना दरवेळी वाटेतली बिननावाची जोती दिसतात आणि वाटतं, घर राखायचं तर घराण्यात कवी निपजलाच पाहिजे असा काही नेम आहे का? कवी रोज थोडेच जन्मतात.

तर आत्या. तिनं आधी जोत्याला एक वेढा घातला. मग म्हणाली, "चूल कसली सापडत्येय! ती मातीची. छप्पर गेलं की पहिल्याच पावसात विरघळते. मोरी शोधा, मोरी. पाणी जिथून बाहेर जातं, तिथंच आसपास बायका." आणि तिनं ती शोधलीसुद्धा. जोत्याच्या एका कोपऱ्यात चिरे उताराला लावलेले, त्यांतून वीतभर रुंदीची पन्हळ बाहेर काढलेली. तिथं पायानं पाचोळा सारला तर एका दगडात वाटीएवढा खळगा, आतून गुळगुळीत. आत्या म्हणाली उखळ. थोरला पुतण्या म्हणाला, निशाणाची काठी रोवायची जागा. दोघांत बराच वाद झाला. माझं मत आत्याच्या बाजूनं. काठी रोवून दगड आतून इतका गुळगुळीत होत नाही, त्याला मुसळच लागतं.

धाकट्याचं लक्ष यातल्या कशातच नव्हतं. त्याला जयबाचं ठाणं दिसलं होतं, हळदकुंकू वाहिलेलं, आणि हा कोण म्हणून त्यानं विचारलं. भाऊ गप्प. आत्यानं सांगितलं. किल्ला बांधताना बुरूज सारखा ढासळत होता. कुणीतरी म्हणालं, माणूस द्यावा लागेल. जयबा नावाचा महाराचा तरुण पुढे झाला, किल्ल्याला माझं नाव द्या एवढंच मागितलं, आणि त्याला पायात घालून वर भिंत चढवली. मग बुरूज उभा राहिला.

"त्याला विचारलं होतं?"

"तोच म्हणाला."

"कशावरून?"

यावर आत्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. ग्रीसमध्ये आर्ताच्या पुलाखाली गवंड्याची बायको आहे, बाल्कनमधल्या श्कोदरच्या किल्ल्याच्या भिंतीत तान्ह्या मुलाची आई आहे, कानडी मुलखातल्या गाण्यात तळ्याला पाणी लागावं म्हणून घरची सून जाते. बळी जाणारा कोण, ते पाहिलं तर मला फारसा फरक दिसत नाही: ज्याला नाही म्हणणं सर्वांत अवघड, तोच. इथं जात होती, तिथं बाईपण. आणि पुष्कळ गोष्टींत माणूस राजीखुशीनंच जातो, कारण गोष्ट सांगायला भिंतीच्या बाहेरचेच उरतात. ही दंतकथा खरी की खोटी याचा पुरावा मागण्यात मला रस नाही. या घेऱ्यात नाइकाचं नाव कुठं दिसत नाही. आंग्र्यांचं एका पडक्या वाड्याला आहे. सगळ्या किल्ल्याला नाव आहे ते त्या पोराचं, आणि हळदकुंकूही त्यालाच. लोकांनी आपल्या परीनं हिशेब एवढाच चुकता केला.

मग डबे उघडले. किल्ल्यात बसून नव्हे, तेवढ्यासाठी कऱ्हाटेश्वराला गेलो. तिथं समुद्राच्या काठाशी कातळातून गोड पाणी येतं, गोमुखातून. खारा समुद्र हाताच्या अंतरावर असूनही पाण्याला खारटपणाचा मागमूस नाही. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, लिंबाचं लोणचं. वहिनीनं मुंबईहून आणलेलं सँडविच कुणी उघडलंही नाही, याचं तिला थोडं वाईट वाटलं असावं.

परतीच्या वाटेवर आत्यानं भावाला सरळ विचारलं, यंदा आपल्या घराची कौलं चाळून घेणार का? त्यानं हो म्हटलंय. तुमचंही कोकणात कुलूपबंद घर असेल तर माणसाला शिमग्यालाच सांगून ठेवा. कौलांवर चढणारे गडी गावागावांत आता मोजकेच उरलेत, आणि मे महिन्यात ते कुणालाच सापडत नाहीत.