रिकामा रकाना

किराणा दुकानात पूर्वी दुकानदाराचे बोलणे हेच लेबल होते. डाळ कुठली, तिखट कधी कांडले, तेल कोणत्या घाण्याचे, हे ग्राहक विचारी आणि गादीवरचा माणूस सांगे. सांगणारा समोर बसलेला असे, त्यामुळे शब्द कोणाचा याविषयी संशय नसे. पाकीटबंद माल आला आणि जे तोंडाने सांगितले जाई ते छापून सांगणे भाग पडले.

लोणार तालुक्यातील बीबी येथे एका जैन कुटुंबाचे असेच पिढीजात दुकान आहे. तूर आणि सोयाबीन विकून परतणारा शेतकरी येथूनच घरचा किराणा नेतो. बाबूजी गादीवर बसतात. मुलगा संगणक सांभाळतो. डाळी, मसाले आणि चटण्या दुकानातच पाकिटांत भरल्या जाऊ लागल्या, तेव्हा लेबलांचा प्रश्न उभा राहिला.

प्रश्न लहान नव्हता. वैध मापन शास्त्राच्या २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे पाकीट भरणाऱ्याचे नाव व पत्ता, वस्तूचे सर्वसामान्य नाव, निव्वळ वजन, महिना व वर्ष, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क, इतके छापावे लागते. एकक किंमतही द्यावी लागते. २०० ग्रॅमचे पाकीट ९० रुपयांना असेल, तर प्रति ग्रॅम ४५ पैसे. खाद्यपदार्थ असल्याने अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक, घटकांची यादी, शेंगदाणा, दूध, सोयाबीन यांसारख्या ॲलर्जीकारक पदार्थांची सूचना आणि हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका हेही आले.

हे सारे हाताने लिहिताना चुका होत. म्हणून मुलाने मालसाठ्याच्या सॉफ्टवेअरमध्येच व्यवस्था लावली. प्रत्येक वस्तूची माहिती एकदा भरायची. किंमत बदलली की एकक किंमत आपोआप बदलावी, घटकांत शेंगदाणा असला की सूचना आपोआप छापली जावी. बाबूजींनाही हे काम पसंत पडले.

मग मुलाने आणखी एक मजकूर जोडला. गावातील आणि आसपासच्या जैन घरांना उपयोगी पडावे म्हणून ठळक अक्षरांत ‘कांदा-लसूण विरहित’ असे छापायचे. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो. लसणाविषयी तो मौन असतो. ही उणीव भरून काढण्याचा हेतू चांगलाच होता. त्यासाठी एक रकाना केला आणि नियम लावला: ज्या वस्तूच्या रकान्यात ‘आहे’ असे लिहिलेले नाही, तिच्यावर हा मजकूर छापावा.

पर्युषणाच्या आधी शेंगदाण्याची एक नवी चटणी दुकानात आली. गर्दीच्या वेळी तिची नोंद घाईने झाली आणि तो रकाना रिकामा राहिला. यंत्राने रिकाम्या जागेचा अर्थ ‘नाही’ असा घेतला. एकाच लेबलावर वर ठळक अक्षरांत ‘कांदा-लसूण विरहित’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ’ असे छापून निघाले. यंत्राला त्यात विसंगती दिसली नाही, आणि माणसांपैकी कोणी ते वाचलेच नाही.

दोन दिवसांनी एका वृद्ध श्राविकेचा नातू पाकीट घेऊन आला. आजीने ते फोडताच वास ओळखला होता. चटणी पानात पडली नव्हती. निरोप एवढाच होता, “शेठजींना सांग, मी लेबल वाचूनच घेतली होती.”

त्यात राग नव्हता, म्हणूनच तो निरोप अधिक लागला. बाबूजींनी उरलेली पाकिटे खाली उतरवली. उधारीच्या वहीत ज्यांची नावे होती त्यांच्या घरी मुलगा स्वतः गेला. रोखीने नेणाऱ्यांची नावे कुठेच नव्हती. मुलगा म्हणाला, “बाबूजी, त्यांना कळणारही नाही.” बाबूजी म्हणाले, “म्हणून तर सांगायला पाहिजे.” त्याच संध्याकाळी दुकानाबाहेरच्या फळ्यावर चटणीचे नाव, भरल्याची तारीख आणि झालेली चूक लिहिली गेली, पैसे परत मिळतील हेही. चार माणसांनी फळा वाचून हसून घेतले. फळा आठ दिवस तसाच राहिला.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार यांची गणना आहे. माप कमी देणे किंवा एक दाखवून दुसरेच देणे, हे दोष व्यापाऱ्यासाठीच सांगितलेले वाटावेत इतके जवळचे आहेत. येथे हेतू फसवणुकीचा नव्हता. परंतु ग्राहकाच्या हाती जे पडले ते तर तेच होते. हाताने लिहिताना एक चूक एका पाकिटावर राहते. स्वयंचलित छपाईत ती सगळ्या पाकिटांवर सारख्याच सुबक अक्षरांत उमटते. शिवाय, जो मजकूर कायद्याने मागितलेला नसून आपण होऊन दिलेला असतो, तो विश्वासावरच चालतो.

मुलाने नियम उलटा केला. आता रकान्यात तीन उत्तरे आहेत: ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’. जाणीवपूर्वक ‘नाही’ लिहिले असेल आणि घटकांच्या यादीत कांदा किंवा लसूण नसेल, तरच तो मजकूर छापला जातो. रकाना रिकामा असेल तर लेबल निघतच नाही. नव्या वस्तूचे पहिले लेबल छापले की मुलगा ते वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचतो आणि गादीवरून बाबूजी ऐकतात. त्यांनी मान हलवल्यावरच बाकीची लेबले छापली जातात.